आनंद केवढा, यापेक्षा कितीदा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी बरी चालली आहे, घरात कटकटी नाहीत, तब्येतही ठीक. तरी आठवडा संपला की त्यात बरं वाटल्याचा एकही प्रसंग पटकन आठवत नाही. मग इतरांना रोजच्या जगण्यात आनंद मिळतो तो कशातून? पैसा, छंद, कृतज्ञतेची वही, मोबाइल कमी करणं, यातलं खरंच कामाचं काय आणि नुसती हवा किती?

मी मानसशास्त्रज्ञ आहे, समुपदेशन हा माझा रोजचा व्यवसाय. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण आजारी नसतात. ते हाच प्रश्न घेऊन येतात, फक्त इतक्या सरळपणे विचारत नाहीत. ‘तसं सगळं आहे, पण...’ एवढं म्हणून थांबतात. त्या ‘पण’च्या पुढे बहुतेकांच्या मनात काहीतरी मोठं शिजत असतं: नोकरी बदलावी, राहती जागा बदलावी, दोन महिने कुठेतरी लांब निघून जावं. माझं उत्तर त्यांना सुरुवातीला अगदीच फिकं वाटतं. रोजचा आनंद केवढा मोठा मिळाला यावर फारसं काही ठरत नाही, तो कितीदा मिळाला यावर ठरतं.

हे नुसतं माझं मत नाही. एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये लोकांच्या भावनांच्या नोंदी तपासून हेच मांडलं. स्वतःला आनंदी म्हणवणाऱ्यांच्या आयुष्यात उत्कट, हर्षवायू व्हावा असे क्षण इतरांपेक्षा फार जास्त नव्हते. त्यांच्या दिवसातला बराचसा वेळ साधारण बऱ्या मनःस्थितीत जात होता, एवढाच फरक. उत्कट आनंदाला बहुतेक वेळा किंमत मोजावी लागते, हेही त्यांनी नोंदवलं होतं. ज्या यशाने माणूस हवेत जातो, त्याच्या आधी महिनोन् महिने ताण असतो. शिवाय त्या उंचीवरून पाहिलं की साध्या बऱ्या गोष्टी खुज्या दिसायला लागतात.

लॉटरीचा प्रसिद्ध अभ्यास इथे हटकून पुढे केला जातो आणि बहुतेकदा चुकीचा सांगितला जातो. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेले २२ जण, अपघातात अपंगत्व आलेले २९ जण आणि तुलनेसाठी २२ सामान्य माणसं यांच्याशी बोलून तो केला. ‘शेवटी सगळे सारखेच आनंदी असतात’ असा त्याचा निष्कर्ष सांगतात. तसं नव्हतं. अपघातग्रस्तांचे आनंदाचे गुण इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. लॉटरीवाले मात्र सामान्य माणसांपेक्षा फारसे पुढे नव्हते, आणि रोजच्या साध्या गोष्टींतून, म्हणजे मित्राशी गप्पा, वाचन, कोणीतरी केलेलं कौतुक यांतून, त्यांना मिळणारी मजा कमी झाली होती. नंतर स्वीडनमध्ये हजारो लॉटरी विजेत्यांवर झालेल्या अभ्यासात आयुष्याबद्दलचं समाधान वर्षानुवर्षं वाढलेलं दिसलं, रोजच्या भावनांवरचा परिणाम त्यापेक्षा बराच कमी होता. ‘माझं आयुष्य चांगलं चाललंय का?’ आणि ‘काल दुपारी मला कसं वाटत होतं?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमची तक्रार दुसऱ्या प्रश्नाची आहे, आणि तुम्ही तिचं उत्तर पहिल्यात शोधताय.

म्हणून पहिल्या भेटीत मी कोणालाही ‘तुम्ही आनंदी आहात का?’ असं विचारत नाही. त्या प्रश्नाला माणूस हिशेब मांडून उत्तर देतो: पगार, घर, मुलांचे निकाल. मी ‘काल काय काय झालं?’ एवढंच विचारते. ही पद्धत डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नीट घडवली. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना त्यांनी आदला दिवस प्रसंगाप्रसंगांत तोडायला सांगितला आणि प्रत्येक प्रसंगात कसं वाटत होतं ते लिहायला लावलं. जवळीक, कामानंतरच्या गप्पाटप्पा, विसावा, जेवण हे वर आलं. कामावर जाणं-येणं तळाला गेलं. मुलांची देखभालही अपेक्षेपेक्षा बरीच खाली होती, टीव्ही पाहण्याच्याही खाली. हे वाचून बऱ्याच आयांना धक्का बसतो आणि मग हायसंही वाटतं. मुलांवर जीव असणं आणि सकाळी त्यांच्या मागे धावणं या एकाच गोष्टी नव्हेत, हे कोणीतरी आकड्यांत सांगितलेलं असतं.

तुम्हीही हे करा, बाकी सगळं नंतर. तीन साधे दिवस निवडा: दोन कामाचे, एक सुट्टीचा. सण, लग्न, प्रवास असलेला दिवस नको. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचे तुकडे पाडा. दहा-पंधरा होतात. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: काय करत होतो, सोबत कोण होतं, आणि ० ते १० मध्ये किती बरं वाटत होतं. किती वाटायला हवं होतं ते नको. लोकांची गडबड इथेच होते. व्यायामाला ८ देतात कारण व्यायाम चांगला, आणि लोळण्याला २ देतात कारण लोळणं वाईट. वही दुसऱ्या कोणाला दाखवायची नसली की गुण जरा खरे पडतात.

एका गृहस्थांच्या वहीचं पान सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. मधल्या वयाचे, हुशार, उपरोधिक बोलणारे. दिवसातला सगळ्यात चांगला भाग कोणता असं आधी विचारलं, तर क्षणाचाही विचार न करता म्हणाले, ‘रात्रीचा सामना. तो वेळ माझा असतो.’ पानावर मात्र असं होतं. ‘६.४०, गाडी लावली, वर गेलो नाही, फोन बघत बसलो: ३.’ ‘७.१५, घरी, जो तो आपापल्या कामात: ४.’ ‘९.३०, भांडी घासली, मुलगी पुसत होती: ८.’ ‘१०.१५ ते १२, सामना, मग त्यावरची चर्चा: आधी ५, नंतर ३.’

त्या आठकडे मी बोट ठेवलं तसे ते जवळजवळ चिडलेच. ‘मला भांडी घासायला आवडतं असं म्हणायचंय का तुम्हाला?’ तसं नव्हतंच. त्या वीस मिनिटांत मुलगी शाळेतलं काहीबाही सांगत होती आणि हे ऐकत होते. दोघांचे हात कामात, नजर खाली, ‘आज काय झालं शाळेत?’ असा प्रश्न कोणी विचारलेला नाही. वयात येणारी मुलं समोरासमोर बसवून विचारलं की गप्प होतात. शेजारी उभं राहून काम करताना आपणहून बोलतात. गंमत म्हणजे हे गृहस्थ भांडी धुण्याचं यंत्र घ्यायच्या बेतात होते, वेळ वाचावा म्हणून. वाचलेला वेळ गेला असता सामन्यानंतरच्या चर्चेला, म्हणजे तिनाच्या खात्यात.

घरकाम दुसऱ्यावर सोपवू नये असा अर्थ मात्र यातून काढू नका. अॅश्ली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात ६० नोकरदारांना दोन वेगवेगळ्या शनिवार-रविवारी ४०-४० डॉलर दिले. एकदा ते वेळ वाचवण्यावर खर्च करायचे होते, एकदा एखादी वस्तू घेण्यावर. नावडतं काम दुसऱ्याकडून करवून घेतलं त्या दिवशी लोकांना जास्त बरं वाटलं. यातला ‘नावडतं’ हा शब्द कळीचा आहे. कोणतं काम खरोखर नावडतं आणि कोणत्या कामाच्या आडोशाने दिवसातला एकमेव आठ गुणांचा तुकडा उभा आहे, हे वही पाहिल्याशिवाय कळत नाही.

अशा वह्या मी अनेक पाहिल्या आहेत आणि वरच्या गुणांच्या ओळींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: दुसरं माणूस. लोक ‘नातेसंबंध’ म्हणतात तेव्हा त्यांना जन्मभराचं काहीतरी वाटतं. त्याला आधार आहे. हार्वर्डमधला १९३८ पासून चालू असलेला अभ्यास, ज्यात ७२४ मुलगे आणि तरुण म्हातारे होईपर्यंत तपासले गेले, तोही जवळच्या नात्यांची ऊब म्हातारपणीच्या तब्येतीशी आणि समाधानाशी जोडतो. (सुरुवातीला त्यात फक्त पुरुष होते आणि सगळे एकाच शहराच्या आसपासचे, हे सांगायचं बहुधा राहून जातं.) पण वह्यांत दिसतं ते बरंच किरकोळ असतं. लिफ्टमध्ये शेजारच्यांशी झालेलं अर्धं वाक्य. कामावरच्या पहारेकऱ्याने नाव घेऊन केलेली विचारपूस. बहिणीचा चार मिनिटांचा फोन, ज्यात कामाचं काहीच नव्हतं.

निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये शिकागोच्या प्रवाशांना तीन गटांत विभागलं: काहींनी शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायचं, काहींनी एकटं बसायचं, काहींनी नेहमीसारखा प्रवास करायचा. बोलणाऱ्यांचा प्रवास सगळ्यात चांगला गेला. पण हाच प्रवास कसा जाईल याचा नुसता अंदाज करायला सांगितलेल्या लोकांनी बरोबर उलटं सांगितलं होतं. त्याच वर्षी जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी दाखवलं की ज्यांच्याशी आपली जेमतेम तोंडओळख असते, अशा लोकांशी ज्या दिवशी जास्त बोलणं होतं, तो दिवस बरा जातो.

अबोल लोक इथे मान हलवतात: हे आमच्यासाठी नाही. शिकागोच्या अभ्यासात अबोल आणि बडबडे यांच्यात फारसा फरक निघाला नव्हता, तरी माझा अनुभव म्हणून सांगते, मात्रेत फरक पडतो. अबोल माणसाला दिवसात दोन छोटी बोलणी पुरतात आणि तिसऱ्यानंतर तो थकतो. पण शून्य कोणालाच पुरत नाही. घरून काम करणाऱ्या एकट्या लोकांच्या वह्यांत ही किरकोळ बोलणी पार नाहीशी झालेली असतात आणि आपलं काय हरवलंय हे त्यांना सांगता येत नाही, कारण हरवलेली प्रत्येक गोष्ट क्षुल्लक असते.

यातून मी लोकांना हातात देते ती एकच गोष्ट: अंदाजावर विश्वास ठेवू नका. ‘कंटाळा येईल’, ‘अवघडल्यासारखं होईल’, ‘त्याला काय वाटेल’ हे सगळे अंदाज असतात आणि ते एकाच बाजूला झुकतात. अमित कुमार आणि एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना कोणाचे तरी आभार मानणारं पत्र लिहायला लावलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं समोरचा अवघडेल. मिळालेल्यांना प्रत्यक्षात कितीतरी जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण त्यांनी धरलं होतं त्यापेक्षा कमी होतं. तुमच्या वहीत टाळाटाळ होणाऱ्या गोष्टींपुढे आणखी एक रकाना पाडा: करण्याआधीचा अंदाज. चार आणि सात, तीन आणि सात, असे आकडे स्वतःच्या अक्षरात शेजारी शेजारी दिसले की माझं व्याख्यान ऐकायची गरज उरत नाही.

फोनच्या बाबतीत हाच रकाना उलटा भरतो. अंदाज सहा, मिळाले तीन. केंट बेरिज यांचं उंदरांवरचं काम इथे समजून घेण्यासारखं आहे. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळजवळ संपवलेले उंदीर अन्नाकडे स्वतःहून जाईनात, पण गोड थेंब तोंडात टाकला तर चेहऱ्यावर आवडल्याची तीच चिन्हं दिसत. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन निराळ्या व्यवस्था आहेत, आणि पहिली दुसरीशिवायही जोरात चालू शकते. हात फोनकडे जातो म्हणजे फोन आवडतो, हे म्हणून सिद्ध होत नाही. मी फोन सोडा असं कोणालाही सांगत नाही. सांगून कोणी सोडलेलाही पाहिला नाही. फक्त प्रत्येक बैठकीनंतर गुण लिहायला लावते. मित्राला पाठवलेला संदेश सात, निरुद्देश सरकवत बसणं दोन, हे वेगळं व्हायला लागतं, आणि कापायचं काय ते माणूस स्वतः ठरवतो.

आता लक्षाबद्दल. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० लोकांना दिवसभरात अवेळी फोनवर विचारलं: आत्ता काय करताय, मन त्याच कामात आहे का, आणि कसं वाटतंय? ४६.९ टक्के वेळा मन दुसरीकडे होतं. आणि माणूस काय करतोय यापेक्षा मन तिथे आहे की नाही, यावरून त्याच्या आनंदाचा अंदाज जास्त चांगला लागत होता. यावरून ‘वर्तमानात जगा’ असा सल्ला सगळीकडे वाटला जातो. सल्ला वाईट नाही, पण माणसाला नुसतं स्वतःसोबत बसवलं तर काय होतं हेही पाहायला हवं. २०१४ मध्ये टिमथी विल्सन यांच्या प्रयोगात लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं बसवलं. सोबत फक्त विजेचा सौम्य झटका देणारं एक बटण. झटका टाळायला पैसे मोजू असं आधी म्हणणाऱ्या १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी सहा जणींनी ते बटण किमान एकदा स्वतःच दाबलं.

ध्यान ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. बाकीच्यांना मी हाताचं काम सुचवते. असं काम, ज्यात चूक लगेच दिसते आणि लगेच सुधारता येते: शिवण, सुतारकाम, वाद्य, कुंड्यांमधली माती, कोडी, सायकल दुरुस्ती. मन भटकायला तिथे फारशी जागा नसते. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी तंद्रीच्या या अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला. १९८९ मध्ये त्यांनी आणि जुडिथ लफेव्हर यांनी दिवसभराच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही अवस्था फावल्या वेळेपेक्षा कामाच्या वेळेत कितीतरी जास्त वेळा आढळली. आणि तरी कामावर असताना ‘मी आत्ता दुसरीकडे असतो तर बरं’ असं लोक जास्त वेळा म्हणत होते. फावल्या वेळी आपण आव्हान नसलेल्या गोष्टीकडे घरंगळतो आणि मग संध्याकाळ रिकामी गेली म्हणतो. छंद आवडत नाही असं क्वचितच असतं. सुरू करायची पहिली पाच मिनिटं जड जातात, एवढंच. म्हणून हार्मोनियम पेटीतून काढून बाहेर ठेवा, शिवणयंत्रावरचा कपडा काढून टाका. हा उपाय ऐकायला हास्यास्पद वाटतो. मी देते त्या सल्ल्यांमध्ये सर्वांत जास्त पाळला जाणाराही हाच.

पैशाचं थोडक्यात. २०१० मध्ये कानमन आणि अँगस डीटन यांनी म्हटलं की अमेरिकेत वर्षाला साधारण ७५,००० डॉलरच्या पुढे रोजच्या भावना सुधारत नाहीत. २०२१ मध्ये किलिंग्सवर्थ यांना वाढ थांबलेली दिसली नाही. मग २०२३ मध्ये कानमन आणि किलिंग्सवर्थ या दोघांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन एकत्र बसून हिशेब तपासला, जे शास्त्रज्ञ सहसा करत नाहीत आणि करायला हवं. निघालं ते असं: बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो, सगळ्यात दुःखी अशा साधारण वीस टक्के लोकांचा मात्र एका टप्प्यानंतर वाढायचा थांबतो. पैशाने मिटणारी दुःखं तोवर मिटलेली असतात, उरतात ती न मिटणारी. ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य मला आवडत नाही. ते बहुतेकदा पैसे असलेली माणसं म्हणतात. दुसऱ्यासाठी खर्च केलेल्या छोट्या रकमेने स्वतःवर केलेल्या खर्चापेक्षा त्या दिवशी जास्त बरं वाटतं, हे डन, लारा अॅकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ मध्ये पाच आणि वीस डॉलर देऊन दाखवलं. रक्कम पाच की वीस याने फरक पडला नाही.

कृतज्ञतेची वही काहींना उपयोगी पडते. रोज लिहायला लावली की तिसऱ्या आठवड्यात ‘कुटुंब, तब्येत, घर’ अशी यादी यांत्रिकपणे उतरते. आठवड्यातून एकदा पुरे, आणि लिहायचं ते नेमकं: कोणी, कधी, काय केलं. आवडत नसेल तर सोडून द्या, काही बिघडत नाही.

‘५० टक्के आनंद जनुकांत, १० टक्के परिस्थितीत, ४० टक्के तुमच्या हातात’ हे वर्तुळ तुम्ही पाहिलं असेल. जुळ्यांच्या अभ्यासांवरून स्वभावाचा वाटा मोठा दिसतो हे खरं. पण ते आकडे लोकांमधल्या फरकांबद्दल आहेत, एका माणसाच्या आनंदाचे तुकडे नव्हेत. ज्यांनी ते वर्तुळ मांडलं त्यांनीच २०१९ मध्ये त्यावर फेरविचार केला. ‘तुमच्या हातात ४० टक्के’ ऐकून माझ्यासमोर रडलेली माणसं मी पाहिली आहेत. कारण त्यांची परिस्थिती खरंच वाईट होती आणि आता दोषही त्यांचाच ठरला होता.

हे वह्यांतही दिसतं. कधी पानभर दोन-तीनच असतात आणि प्रत्येक ओळीत एकच माणूस असतो, किंवा सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत कामच असतं. अशा वेळी आनंदाच्या युक्त्या शिकवणं मला अप्रामाणिक वाटतं. तिथे परिस्थितीवरच बोलावं लागतं: कामाचे तास, जाण्यायेण्यातले दोन-दोन तास, घरातलं वागणं. झोपेचंही तसंच. सहा तासांच्या आत झोपणाऱ्याची वही मी नीट वाचतसुद्धा नाही, आधी दोन आठवडे झोप भरून काढायला सांगते.

तुमच्या प्रश्नातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो: ‘आठवत नाही.’ आठवण हिशेबनीस नाही. कानमन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या प्रयोगात लोकांनी एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सियसच्या थंडगार पाण्यात हात बुडवला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि पुढे आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत गेलं. पुन्हा करायची वेळ आली तेव्हा ३२ पैकी २२ जणांनी लांबचा प्रकार निवडला. त्रास एकूण जास्त, पण शेवट जरा सुसह्य. दिवसाच्या आठवणीतही टोकाचा क्षण आणि शेवट राहतो, मधलं गळतं. तुमचा दिवस रोज फोन हातात घेऊन किंवा उद्याच्या कामाच्या निरोपांनी संपत असेल, तर बाकी दिवस बरा गेला असला तरी आठवणीला धरायला काही उरत नाही. त्यामुळे एकच बदल करता येणार असेल तर मी दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासात करायला सांगेन. पैशांची, मुलांच्या अभ्यासाची, नातेवाइकांची चर्चा त्या अर्ध्या तासात नको. ती जेवणाआधी उरका.

एक शक्यता तपासून घ्यायला हवी. वहीत सगळेच गुण सपाट असतील, पूर्वी हमखास आवडणाऱ्या गोष्टीतही काही वाटेनासं झालं असेल, झोप-भूक बदलली असेल, आणि हे रोज, बहुतेक दिवसभर, दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड किंवा रक्तातल्या कमतरतेमुळेही असं होतं, ते तपासता येतं. जगणं नको असे विचार येत असतील तर थांबू नका, आजच कोणाला तरी सांगा आणि वैद्यकीय मदत घ्या. नैराश्यातही वहीची ही पद्धत वापरतात, पीटर लेविन्सन यांच्या १९७० च्या दशकातल्या कामापासून. बरं वाटलं की करू असं न म्हणता आधी छोटी कृती करायची, मन मागून येतं. पण त्या वेळी सोबत प्रशिक्षित माणूस असलेला बरा.

तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. तुम्ही लिहिलंय की सुट्टीला भाचा येतो तेव्हा वेळ कसा जातो कळत नाही. म्हणजे यंत्रणा शाबूत आहे, तिला काम कमी मिळतंय.

तर तीन दिवसांची वही झाली की सातच्या वरच्या ओळींवर खूण करा आणि वही मिटून ठेवा. कायम लिहीत बसू नका. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की आनंदी होण्याला फार महत्त्व देणारी माणसं चांगल्या प्रसंगी उलट खट्टू होतात, कारण प्रत्येक क्षण त्यांना अपेक्षेशी ताडून बघायचा असतो. खुणा केलेल्यांपैकी एकच ओळ निवडा, शक्यतो जिच्यात दुसरं माणूस आहे, आणि आठवड्यात एकदा घडत असेल तर तीनदा घडेल असं वेळापत्रकात बसवा. वार आणि वेळ ठरवून, त्या माणसाला सांगून. ‘जमेल तसं’ म्हटलेलं जमत नाही.

तीन-चार आठवड्यांनी तीच गोष्ट सातावरून पाचावर येईल. घाबरू नका, सवयीने तसं होतंच. दर वेळी करण्यापेक्षा मध्ये आठवडाभर खंड द्या. लेफ नेल्सन आणि टॉम मेविस यांनी २००८ मध्ये सुखद मालिशही मध्येच थांबवून पुन्हा सुरू केली, तर सलग केलेल्यापेक्षा लोकांना ती जास्त आवडली होती. आणि खंडानंतरही गुण पाचावरच राहिले, तर खूण केलेली दुसरी ओळ उचला.